लखनौचा उपहास

उपहासाची खरी कसोटी तो कोणाला हसतो ह्यावर ठरते. लखनौच्या उर्दू वाङ्मयाचा इतिहास ह्याची साक्ष देतो. १८७७ साली मुन्शी सज्जाद हुसेन यांनी तेथे 'अवध पंच' हे विनोदी साप्ताहिक काढले. अकबर इलाहाबादी त्यात लिहीत. विलायती राहणीचे अनुकरण, सर सय्यद अहमदांची सुधारणा, हालींचा काव्यविचार ह्या सर्वांची त्याने टर उडविली. १९०५ मध्ये 'गुलजार-ए-नसीम'वरून चकबस्त व शरर ह्यांच्यात वाद पेटला, तेव्हाही ते चकबस्तांच्या बाजूने त्यात उतरले. १९१२ साली बंद पडेपर्यंत हे पत्र बहुधा जुन्या समाजाच्या वतीने नव्याला हसत राहिले.

डिसेंबर १९३२ मध्ये ह्याच शहरात 'अंगारे' हा संग्रह निघाला. सज्जाद जहीर, अहमद अली, रशीद जहाँ व महमूदुज्जफर हे त्याचे चार लेखक. त्यांतील उपहासाचा रोख धार्मिक दंभाकडे व घरातील स्त्रीच्या कोंडमाऱ्याकडे, म्हणजे स्वतःच्याच समाजाकडे होता. क्षोभ उसळला, आणि मार्च १९३३ मध्ये प्रांतिक सरकारने संग्रहावर बंदी घातली. पुस्तक दडपले गेले; त्यामागील प्रेरणा मात्र दडपली गेली नाही. १९३६ साली प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेही लखनौतच.