पेट्रोलची गळती

१९७३ च्या अखेरीस तेलउत्पादक राष्ट्रांनीं भाव वाढविले आणि पिंपामागें सुमारें ३ डॉलर असलेली किंमत १९७४ च्या आरंभीं ११ डॉलरांच्या वर गेली. त्याची झळ भारतांतील मध्यम स्थितीच्या दुचाकीस्वारालाहि लागली.

त्या काळीं राजदूत, जावा, आकुर्डीची बजाज चेतक अशा बहुतेक गाड्यांचीं इंजिनें टू-स्ट्रोक होतीं. रचना साधी, परंतु दोष मूळचाच. जळालेला धूर बाहेर लोटण्याचें काम पेट्रोल व हवा यांच्या ताज्या मिश्रणाकडेच असे. त्यामुळें त्याचा कांहीं भाग न जळतांच धुराबरोबर निसटून जाई. स्वार कितीहि जपून चालवो, ही गळती थांबत नसे.

१९८५ सालीं हरियाणांतील धारूहेडा येथून हिरो होंडाची सीडी १०० बाहेर पडली. तिचें ९७ सीसीचें इंजिन फोर-स्ट्रोक होतें. झडपांमुळें धूर आणि मिश्रण यांच्या वाटा निराळ्या झाल्या. ताकद बेताची; पण पगारदार माणसानें वेगापेक्षां लिटरमागें पडणारे किलोमीटर मोजले आणि ती आपलीशी केली.

तथापि यंत्रानें वाचविलेलें माणूस सहज गमावतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ४० किलोमीटरांवरून ६० वर जातांच तो सव्वादोनपट होतो. चाकांत कमी भरलेली हवा, कोरडी साखळी, घासणारा ब्रेक हींहि टाकींतूनच आपला वाटा उचलतात. पहिली गळती कारखान्यानें बुजविली. ही दुसरी बुजविणें स्वाराच्याच हातीं आहे.