चष्म्याच्या प्लास्टिकवरचे माग

१९५८ साली इंग्लंडमधील हार्वेल येथे डी. ए. यंग यांनी लिथियम फ्लोराइडचा एक स्फटिक आम्लमिश्रणात बुडवला. युरेनियमच्या विखंडनातून उडालेले तुकडे त्यात घुसलेले होते. जेथे तुकडा घुसला होता तेथेच आम्लाने खड्डा कोरला आणि न दिसणारा माग दिसू लागला. पुढे अमेरिकेत फ्लायशर, प्राइस व वॉकर यांनी अभ्रक, काच आणि प्लास्टिकमध्येही असे माग कोरून दाखवले. १९७८ मध्ये चष्म्याच्या भिंगांसाठी वापरले जाणारे सीआर-३९ हे प्लास्टिक या कामी अतिशय संवेदनशील आढळले. ते सुमारे ७० अंश सेल्सियसच्या कॉस्टिक सोड्यात काही तास ठेवले, की अल्फा कणांचे माग साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. घरांतील रेडॉन आजही असा मोजला जातो.

पण प्लास्टिकमधला माग म्हणजे मुख्यतः तुटलेले रासायनिक बंध. बंध तर प्रकाशही तोडतो! १९६८ मध्येच दिसले होते, की कणांचा मारा झालेल्या प्लास्टिकवर हवेत अतिनील प्रकाश पाडला, तर माग अधिक वेगाने कोरले जातात. तुटलेल्या टोकांशी ऑक्सिजन जोडला जातो व सोड्याचे काम सोपे होते.

लेसरने यात नवी भर घातली. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८२ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेतून दाखवले, की १९३ नॅनोमीटर लांबीच्या तरंगांचे लेसर-स्पंद प्लास्टिकचा अगदी पातळ थर उडवून लावतात. या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ६.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३.६ पुरतात. उलट १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरचा फोटॉन जेमतेम १.२ चा. एकट्याने तो बंध तोडू शकत नाही, तो मुख्यतः तापवतो. आणि उष्णतेने माग बुजतात.

म्हणजे एकाच पट्टीवरचा माग लेसरने ठळक होईल, बुजेल किंवा थरासकट उडूनही जाईल. माझ्या मते ‘माग मोठे झाले’ एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. सोडा माग कोरतो तसाच भोवतालचा पृष्ठभागही खातो; माग उठून दिसतो तो या दोन वेगांच्या गुणोत्तरामुळे. लेसरने दोन्ही वेग सारखेच वाढले, तर कोरण्याचा वेळ तेवढा वाचतो, संवेदनशीलता वाढत नाही. लेसर कणांच्या आधी टाकला की नंतर, यानेही फरक पडू शकतो: आधी टाकला तर त्याला फक्त कोरे प्लास्टिक भेटते, नंतर टाकला तर मागही. म्हणून अशा प्रयोगात त्याच पट्टीचा अर्धा भाग झाकून ठेवतात आणि दोन्ही अर्धे एकाच वेळी एकाच सोड्यात बुडवतात.