आधी वेलांटी, मग अक्षर

एप्रिल २०११ मध्ये "जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद" अशी एक बातमी जगभर फिरली होती. कारखाना आपल्या गोदरेजचा. बातमी तशी शिळी आणि थोडी फुगवलेली. उत्पादन २००९ सालीच थांबले होते आणि परदेशात दुसऱ्या कंपन्यांची यंत्रे नंतरही विकली जात होती. तरी १९५५ साली पहिला देशी टाइपरायटर काढणाऱ्या कंपनीनेच गाशा गुंडाळला म्हटल्यावर कचेरीतल्या जुन्या लोकांना हळहळ वाटणारच. मला विचाराल तर देवनागरी टाइपरायटर तेव्हा मेलाच नव्हता. तो कधीच संगणकात शिरून बसला होता, आणि तिथून त्याने आम्हा कारकुनांचे बरेच नुकसान केले.

टाइपरायटरला अक्षर म्हणजे नुसते चित्र. 'कि' उमटवायचे तर आधी पहिली वेलांटी दाबायची, मग क. 'प', 'ग' अशा कितीतरी अक्षरांचे अर्धे रूप एका कळीवर आणि काना दुसऱ्या कळीवर. कागदावर बरोबर दिसले की काम झाले. संगणकाचे तसे नाही. त्याला शोधायचे असते, अकारविल्हे लावायचे असते. त्यासाठी आपण उच्चारतो तो क्रम लागतो : आधी क, मग इकार.

नवल म्हणजे सरकारला हे वेळेवर कळले होते! १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि भारतीय लिप्यांना एकच मांडणी. १९९१ मध्ये अक्षरे साठवण्याची 'इस्की' पद्धत भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातली देवनागरीही इस्कीच्या १९८८ च्या रूपावरच बेतलेली. घर बांधून तयार होते, राहायला मात्र कोणी गेले नाही.

कारण टायपिस्टांची बोटे रेमिंग्टनच्या कळफलकाला सरावलेली. मग बाजारात फॉंट आले ते त्याच सवयीचे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. काही पॅकेजांना तर संगणकामागे कुलुपासारखा डोंगल लावावा लागे. या फाइलींमध्ये मराठी नव्हतेच हो! होती इंग्रजी अक्षरे, मराठीचा मुखवटा चढवलेली. फॉंट गेला की मुखवटा उतरला.

आपल्याकडे १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतर कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांची भिस्त याच देवनागरीवर. आमच्या कपाटातली पिवळी पडलेली कार्बन प्रत आजही वाचता येते. २००१ ची फाइल उघडली तर मात्र पडद्यावर नुसती भेळ. बोटांची सवय सांभाळूनही साठवण नीट ठेवता आली असती, याचेच मला वाईट वाटते. आज रेमिंग्टन पद्धतीने टंकले तरी आत युनिकोड साठवणारी साधने आहेतच की. ते तेव्हा झाले नाही, कारण फॉंट विकणाऱ्यांना घाई होती आणि विकत घेणाऱ्या साहेबांना फक्त छापलेला कागद दिसत होता.

विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणि मंगल फॉंट आला. २००१ च्या एक्सपीत तो आपणहून चालू नसे. सेटिंगमध्ये टिचकी मारा, मग ती सीडी मागणार, आणि सीडी कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये. असो.

युनिकोड आल्यावर मराठीची रड संपली म्हणावे, तर तसेही नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक गोव्याच्या माणसाला सांगायला नको. एकात पोहायचे, दुसऱ्यात उतरायचे! हिंदीला या 'ऱ्य'ची गरज नाही. मराठीसाठी तो दोन प्रकारे लिहिला जाऊ लागला : एक ऱ वापरून, दुसरा साध्या र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण एका प्रकारे शोधले तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले हाती लागेलच असे नाही. 'ॲडव्होकेट'मधला आपला ॲ तर युनिकोडमध्ये आला २००८ साली. तोवर हिंदीच्या 'ऍ'वर भागवायचे, नाहीतर अ ला चंद्र चिकटवायचा.

तुमच्या घरी, देवस्थानात किंवा वाचनालयात तेव्हाच्या सीडी पडून असतील तर एक करा. ज्या संगणकावर अजून ते फॉंट आहेत त्यावर फाइल उघडून फॉंटचे नाव लिहून ठेवा आणि एक छापील प्रत काढा. मग कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. रफार आणि पहिली वेलांटी असलेले शब्द तेवढे छापील प्रतीशी ताडून बघा, गफलती बहुधा तिथेच होतात.