श्वासांची मोजदाद

दिवाळीच्या फराळाशी रोगराईची गोष्ट काढणे म्हणजे दुधात मिठाचा खडा टाकणे, असे कोणी म्हणेल. पण ही गोष्ट रोगाची थोडी आणि माणसांच्या शहाणपणाची फार आहे. शिवाय ती घडली आपल्याच झाडीपट्टीत. म्हणून सांगावीशी वाटते.

छातीची परीक्षा हा पूर्वी केवळ वैद्याचा मान होता. १८१६ साली फ्रान्समध्ये लेनेक याने कागदाची सुरळी छातीला लावली आणि स्टेथस्कोप जन्मला. १८४६ साली लंडनच्या हचिन्सनने फुप्फुसांत हवा किती मावते हे मोजण्याचे यंत्र प्रसिद्ध केले. दोन्ही शोध थोर. पण तपासून घ्यायचे तर रोग्याने वैद्याची पायरी चढली पाहिजे! १९८२ साली चांद्यापासून वेगळा झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, पावसाळ्यात नाले भरले की, ती पायरी फार लांब जाई.

१९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ संस्थेचे काम आरंभले. न्यूमोनियाने तान्ही मुले दगावत. अशा बाळाचा श्वास जलद चालतो: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला साठ, त्याहून मोठ्या तान्ह्याला पन्नास, ही धोक्याची रेघ. पण अक्षरशत्रू दाईने पन्नास मोजावे कसे? त्यासाठी मण्यांचे साधे यंत्र बनले. वाळूचे घड्याळ उलटे करायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला की औषध सुरू!

१९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये याचा हिशेब छापून आला. अठ्ठावन्न गावांत दाया, गावचे आरोग्यसेवक व इतर कार्यकर्ते यांनी न्यूमोनियाचे ६१२ आजार हाताळले. त्यांत शेकडा ०.८ मुले दगावली. ही सोय नसलेल्या गावांत हे प्रमाण १३.५ होते. डोळ्यांत पाणी यावे असे हे अंकगणित आहे.

लेकराचा न्यूमोनिया आठवड्यात निकालात निघतो. आजोबांचा जुनाट श्वासरोग, ज्याला डॉक्टर ‘सीओपीडी’ म्हणतात, तो मात्र जन्माचा सोबती. बिडी, चुलीचा धूर, कोळशाची धूळ ही त्याची माहेरघरे. आणि चंद्रपूर-गडचिरोलीला यांतले काय परके आहे? असा रोगी इस्पितळात चार दिवस राहतो, उरलेले वर्ष घरातच धापा टाकतो. त्याच्यावर नजर ठेवायची ती घरानेच.

त्यासाठी आज बोटाला लावायचा चिमटा आहे. जपानच्या ताकुओ आओयागी याने १९७४ साली त्याचे तत्त्व मांडले. २०२०च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके तो घेऊन महाराष्ट्रात दारोदार हिंडली. आओयागी मात्र त्याच एप्रिलमध्ये निवर्तला होता.

पण चिमट्यावर आंधळा विश्वास नको. बोटे गार असली, नखे रंगवलेली असली की तो चुकतो. काळ्यासावळ्या कातडीवर आकडा चढाही दाखवतो. म्हणून रोगी बरा असतानाचा त्याचा नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवावा आणि पुढे त्याच्याशीच ताडून पाहावे. कफाचा रंग पालटला, पाय सुजले, अंगणापर्यंत जातानाही दम लागू लागला, हेही टिपावे. घरी प्राणवायूचे यंत्र असले तर आपल्या मनाने त्याचा जोर वाढवू नये. काही रोग्यांना तो जास्त झाला तरी बाधतो.

मला या साऱ्या इतिहासात मोठी वाटते ती मणी सरकवणारी दाई. तिच्या मोजणीमागे औषध होते, म्हणून ती मोजणी फळली. आकडा उतरल्यावर ज्याला हाक मारावी असा कोणी जवळ नसेल, तर महागडा चिमटाही नुसते खेळणे ठरेल. वाचकहो, यंदा दिव्यांची आरास मांडताना घरातल्या खोकणाऱ्या वडीलधाऱ्यांना धुरापासून जरा दूर बसवा, आणि घटकाभर त्यांच्याजवळ बसून त्यांचा श्वास ऐका. दिवाळी सुखाची जावो!