मिठाच्या पहाऱ्यावर बाभळी

बोराटीच्या सुक्या फांद्यांची वई शेताला घालणाऱ्याला तिची दुखणी पाठ असतात. वाळवी लागते, वादळ ती उडवतं, एखादी ठिणगी पडली की राख. इंग्रज सरकारनेही हे सगळं भोगलं, तेही शेकडो मैलांवर.

तेव्हा बंगाल इलाख्यात मिठावर जबर कर होता. राजपुतान्यातलं स्वस्त मीठ चोरून आत येऊ नये म्हणून जकातीची एक रेषाच आखली गेली. १८६९पर्यंत ती सिंधूपासून बऱ्हाणपूरच्या बाजूने महानदीपर्यंत २,३०० मैल पसरली. पहाऱ्याला जवळपास १२,००० माणसं.

आधी सुकं काटेरी कुंपण घातलं. मैलाला २५० टन काटे लागत आणि दरवर्षी त्यातले निम्मे बदलावे लागत. मी सॉफ्टवेअरवाला. सिस्टिम उभी करण्यापेक्षा ती चालू ठेवणं महाग पडतं, हे रोज बघतो. जकात आयुक्त ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८६७नंतर यावर उपाय काढला: कुंपण जिवंतच लावायचं, म्हणजे ते स्वतःच वाढेल.

पण जिवंत कुंपणही फुकट वाढत नाही. बाभूळ, बोर, करवंद, थोर, निवडुंग यांपैकी जिथे जे तगेल ते लावलं. जमीन वाईट तिथे चर खणून चांगली माती भरली, पाण्यासाठी विहिरी पाडल्या. दहा वर्षांत ४११ मैल चांगलं हिरवं कुंपण उभं राहिलं. काही ठिकाणी ते १२ फूट उंच होतं.

आणि १ एप्रिल १८७९ला सरकारने ते सोडून दिलं. सांभरचं सरोवर आता सरकारकडेच भाडेपट्ट्याने होतं, कर तिथेच घेता येत होता. शिवाय इलाख्या-इलाख्यांतल्या करातली तफावत कमी केली होती. बंगालचा कर मणाला सव्वातीन रुपयांवरून २ रुपये १४ आण्यांवर आला. मुंबई इलाख्याचा मात्र १ रुपया १३ आण्यांवरून अडीच रुपयांवर गेला. म्हणजे कुंपण हटलं, त्याची किंमत कोकणातल्या, देशावरच्या गरिबाने आपल्या भाकरीतल्या मिठातून मोजली.

ह्यूम पुढे १८८५मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागचे सूत्रधार झाले. मिठावरचा कर जायला १९४७ उजाडलं. कुंपणाचा उरलासुरला तुकडा १९९८मध्ये रॉय मॉक्सम या इंग्रज लेखकाला इटावा जिल्ह्यात सापडला: एक मातीचा बांध आणि त्यावर काही काटेरी झाडं.