न सापडणारी मराठी

पान सर्च इंजिनला सापडावे म्हणून शीर्षकात कोणते शब्द घालावेत, याची आज चर्चा होते. मराठीची अडचण मुळातच होती. २००० सालाच्या आसपास बरीच मराठी संकेतस्थळे आपापला फाँट वापरत. पडद्यावर ‘क’ दिसे. संगणकाच्या लेखी तिथे एखादे रोमन अक्षर वा चिन्ह असे, तेही फाँटगणिक निराळे. फाँट नसेल तर वाचकापुढेही नुसती गिचमीड! सर्च इंजिन अक्षराचा आकार पाहत नाही, सांकेतिक क्रमांक जुळवते. त्यामुळे ‘कापूस’ शोधणाऱ्याला कापसावरचा लेख असूनही मिळत नसे. वास्तविक युनिकोडने १९९१ मध्येच ‘क’ला २३२५ हा स्वतंत्र क्रमांक दिला होता. तो रुळायला वर्षे गेली. तोवरचे जे लेखन कुणी युनिकोडमध्ये आणले नाही, ते शोधात आलेच नाही.