पोथी, कुलूप आणि किल्ली

ज्ञान दिल्याने वाढते, असे आम्ही शाळामास्तर फळ्यावर मोठ्या हौसेने लिहितो. संगणकाच्या तासाला मात्र उलटाच न्याय असतो. शाळेने विकत घेतलेल्या आज्ञावलीची नक्कल गरीब मुलाला घरी दिली, तर तो गुन्हा. आणि ती चालते कशी हे पाहू म्हटले, तर आतले लिखाण कुलपात!

आपली जुनी रीत अशी नव्हती. पोथी ज्याला हवी त्याने उतरून घ्यावी. उतरताना चुका शिरत, हे खरे; पण त्या दुरुस्तही होत. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथमहाराजांनी पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पोथीच कुलूपबंद असती, तर नाथांनी काय शुद्ध केले असते?

हाच हक्क अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी संगणकासाठी मागितला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली वापरावी, तपासावी, सुधारावी आणि शेजाऱ्याला द्यावी, एवढेच त्यांचे मागणे. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा लिहिला, आणि ग्नूच्या देहात जीव आला.

आमच्या दिघ्याहून खाडी ओलांडली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागते. तेथे नागार्जुन जी. यांनी या विचाराची बाजू वर्षानुवर्षे लावून धरली. केरळाने २००१ साली 'आयटी अ‍ॅट स्कूल' योजना काढली आणि पुढे आपल्या सरकारी शाळा मुक्त आज्ञावलीवर नेल्या.

आपल्या रायगड जिल्ह्यातही असा प्रयोग झाला. मुलामागे एक लॅपटॉप ही योजना केंद्र सरकारने २००६ साली नाकारली होती. तरी २००७ साली खैराटच्या धनगरवाड्यावरील चिमुकल्या शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. आत लिनक्स होते, आणि कळफलकावर एक विलक्षण कळ होती. ती खास ठेवली होती, चालू असलेल्या आज्ञावलीचे मूळ लिखाण उघडून दाखवण्यासाठी!

यंत्रे जुनी होतात, आणि मास्तरावाचून कोणतेही यंत्र शिकवीत नाही. शिवाय प्रत्येक मूल ती कळ दाबील, असेही नाही. पण वाचकहो, शंभरांतल्या एकाला जरी आत डोकावेसे वाटले, तरी दार उघडे हवे. फुकट मिळते म्हणून नव्हे, तर शिकवता येते म्हणून मुक्त आज्ञावली शाळेची. जे उघडून दाखवता येत नाही, ते मुलांना वापरायला लावता येईल. शिकवता मात्र येणार नाही.